जळजळ कमी झाली, पाय मात्र बधिरच होते: एका वारकऱ्याच्या पायांचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. हे प्रकरण तिथल्याच एका पेशंटचं. त्यांना इथे अण्णा म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उपचार, चुका आणि त्यांचा क्रम जसाच्या तसा ठेवला आहे.

अण्णा ६१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले वाहक. थोडी शेती आहे. तिशीतच तुळशीची माळ घातलेली, त्यामुळे मांस-मासे-अंडी नाही आणि दारूही नाही. तंबाखू मात्र सुटली नव्हती. आळंदी ते पंढरपूर पायी २२ वाऱ्या झालेल्या, शेवटच्या ११ अनवाणी. दिंडीत ते टाळकरी.

मधुमेह ५२व्या वर्षी सापडला. तेव्हापासून औषध माझंच: मेटफॉर्मिन दिवसाला २ ग्रॅम, सोबत ग्लिमेपिराइड, रक्तदाबाची एक गोळी. शिवाय रोज सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी. ती कुणी आणि कधी सुरू केली हे त्यांनाही आठवत नव्हतं. तीही मीच दर वेळी चिठ्ठीवर पुढे लिहीत आले होते.

या ९ वर्षांत मी त्यांची साखर पाहिली, रक्तदाब पाहिला, वजन पाहिलं. पाय पाहिले नाहीत. आमच्याकडे पेशंट चप्पल बाहेर काढूनच आत येतात. म्हणजे अण्णांचे पाय दर वेळी उघडेच होते, फक्त टेबलाच्या पलीकडे, खाली. टाइप २ मधुमेहात निदान झालं त्याच दिवशी आणि त्यानंतर दर वर्षी पायांची संवेदना तपासायची असते, हे मला पाठ होतं.

तक्रार

नोव्हेंबर २०२३. कार्तिकी उरकून चार दिवस झाले होते. अण्णा आणि काकू दोघं आले.

"पाय चुलीत घातल्यावानी भाजत्यात, मॅडम. दिवसा चालतं कसंबसं. रात्री निजलं की सुरू."

गोधडीचा पदर तळव्याला लागला तरी सहन होत नव्हता. रात्री उठून ते शहाबादी फरशीवर पाय टेकून बसत, नाहीतर मोरीत जाऊन पायांवर पाणी ओतत. झोप जेमतेम ३ तास. शून्य ते दहाच्या मापावर त्यांनी दुखण्याला ८ दिले. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दोन महिने खाऊन झाल्या होत्या. नसांच्या जळजळीवर ही गोळी लागू पडत नाही आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या किडन्यांना ती महागात पडू शकते, म्हणून ती त्याच दिवशी बंद केली. घरी काकू काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासून देत होत्या. तेवढा वेळ बरं वाटायचं.

जळजळीबद्दल अण्णा भरभरून बोलले. मग मी विचारलं, "चालताना चप्पल पायातून निसटते, आणि कळत नाही, असं कधी होतं का?"

अण्णा गप्प झाले. काकू म्हणाल्या, "गेल्या महिन्यात देवळातनं एक चप्पल घालून आले. दुसरी वाटंत ओढ्याजवळ घावली."

काकू औषधं घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा अण्णांनी आवाज खाली आणला. "मॅडम, महारोग तर नाही ना?" बधिरपणा दीड वर्षापासून होता. या एका भीतीपोटी त्यांनी तो घरातही सांगितला नव्हता.

हे प्रकरण लिहायला घेतलं ते याच मुद्द्यामुळे. रात्रीची झोप उडते म्हणून माणूस जळजळ घेऊन आपल्याकडे येतो. बधिरपणा घेऊन तो येत नाही, कारण तो त्रास देत नाही. पाय जातो तो बहुतेक वेळा बधिरपणामुळे. दोन्ही एकाच बिघाडातून आले असले तरी त्यांचे उपचार वेगळे आहेत. हे मी तेव्हाही जाणत होते, आणि तरीही पुढचे पाच महिने फक्त जळजळीच्या मागे लागले.

तपासणी

मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा एक बारीक दोरा. तो वाकेपर्यंत दाबला की त्वचेवर १० ग्रॅमचा दाब पडतो. प्रत्येक पायाच्या १० जागांवर तो टेकवला. अण्णांचे डोळे मिटलेले. उजव्या पायावर ४ जागा कळल्या, डाव्यावर ५. अंगठ्याच्या टोकाला मी दोरा टेकवत होते आणि अण्णा "आता लावा की" म्हणत होते. १२८ हर्ट्‌झच्या ट्यूनिंग फोर्कची थरथर अंगठ्याला लागत नव्हती, घोट्याला अंधुक, गुडघ्याला व्यवस्थित. टाचेमागच्या शिरेवर हातोडीने ठोकलं की पाऊल हलतं, तो घोट्याचा झटका दोन्हीकडे नव्हता. पायाच्या पाठीवरची नाडी मात्र दोन्हीकडे छान लागत होती, म्हणजे रक्तपुरवठा ठीक होता.

बधिरपणा असा खालून वर, मोज्याच्या आकाराने चढतो त्याला कारण आहे. पायाच्या बोटांपर्यंत पोचणारा मज्जातंतू कमरेपासून निघतो आणि तो जवळपास एक मीटर लांब असतो. शरीरातले सगळ्यात लांब तंतू आधी उपाशी पडतात. आग, चटका आणि टोचणं पोचवणारे तंतू बारीक असतात. थरथर आणि पाय नेमका कुठे आहे हे सांगणारे तंतू जाड असतात. अण्णांचे दोन्ही बिघडले होते.

आणखी एक गोष्ट काकूंनी सांगितली. सकाळी तोंड धुताना अण्णा एका हाताने बेसिन धरतात. डोळे मिटले की झोक जातो. उभं करून डोळे मिटायला सांगितले तर खरंच जात होता. मधुमेहाच्या जळजळीत हे इतकं ठळक सहसा दिसत नाही. इथे मला बी-१२ची आठवण झाली. हे जीवनसत्त्व कमी पडलं तरी नसा बिघडतात.

रक्ताचे अहवाल दोन दिवसांनी आले. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.१. बी-१२ ११८ पिकोग्रॅम, ते साधारण २००च्या वर हवं. हिमोग्लोबिन ११.२ आणि लाल पेशी आकाराने मोठ्या. थायरॉइड आणि किडनी ठीक. मांस-अंडी नाही, ९ वर्षं मेटफॉर्मिन, त्यावर रोजची गॅसची गोळी: बी-१२ कमी व्हायला लागणारी तिन्ही कारणं एका माणसात होती. मेटफॉर्मिन लहान आतड्यात बी-१२चं शोषण घटवतं आणि गॅसची गोळी पोटातलं आम्ल कमी करून ते अन्नातून नीट सुटू देत नाही. अण्णा रोज दूध-ताक घेत होते, पण पोटात गेलेलं रक्तात उतरत नव्हतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ अधूनमधून तपासावं, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या सूचनांमध्येही आहे. मी एकदाही तपासलं नव्हतं.

कुष्ठरोगाची तपासणी मी मुद्दाम सावकाश केली, त्यांना दिसेल अशी. कोपरामागची नस चाचपली, गुडघ्याच्या बाहेरची पाहिली, कानाच्या पाळ्या पाहिल्या, पाठ-पोट उघडं करून चट्टे शोधले. काही नव्हतं. महाराष्ट्रात बधिर पाय समोर आला की ही तपासणी चुकवायची नाही, कारण कुष्ठरोग औषधांनी बरा होतो आणि उशीर झाला तर हात-पाय वाकडे होतात. तसं काही नाही म्हटल्यावर अण्णांनी डोळे पुसले.

नसांचा आलेख काढायला पुण्याला पाठवावं का, हा पहिला निर्णय होता. नाही पाठवलं. तो आलेख जाड तंतूंचाच बिघाड दाखवतो आणि इथे चित्र स्पष्ट होतं, दोन कारणंही हाती होती. एकाच पायाला त्रास असता, हातापासून सुरुवात झाली असती, पायातली ताकद गेली असती किंवा काही आठवड्यांतच सगळं वाढत गेलं असतं, तर त्याच दिवशी पाठवलं असतं.

पर्याय

साखर किती वेगाने उतरवायची? लगेच इन्सुलिन सुरू करून झपाट्याने खाली आणावी असा मोह होतो. पण एचबीए१सी तीन महिन्यांत दोन अंकांहून जास्त पडलं तर काही जणांची जळजळ उलट भडकते. म्हणून गोळ्यांमध्येच बदल केला आणि तीन महिन्यांत ८.३पर्यंत येऊ दिलं. साखर ताब्यात आली की बिघाडाचा वेग कमी होतो. गेलेली संवेदना परत येईल असं वचन मी अण्णांना दिलं नाही.

मेटफॉर्मिन बंद करावं का? नाही केलं. औषध चांगलं आहे, बी-१२ बाहेरून देता येतं. गॅसची गोळी मात्र बंद केली. आठवडाभर छातीत जळजळलं, मग तेही थांबलं. बी-१२ची इंजेक्शनं आधी एक दिवसाआड दोन आठवडे, मग आठवड्याला, मग महिन्याला. बाजारातल्या 'नसांच्या गोळ्या' एकावर एक घेऊ नका असं बजावलं, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत बी-६ असतं आणि ते महिनोन्‌महिने जास्त प्रमाणात पोटात गेलं तर त्यानेच नसा बिघडतात.

जळजळीसाठी समोर तीन औषधं होती. अमिट्रिप्टिलिन सगळ्यात स्वस्त, पण अण्णा प्रोस्टेटमुळे रात्री चार वेळा लघवीला उठत आणि या औषधाने लघवी अडू शकते. म्हणून ते बाद. ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबलिन उरली. २०२२ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या तुलनेत तिन्ही औषधांनी जवळपास सारखाच आराम दिला होता, आणि एकाने पुरेसं भागलं नाही तर दुसरं जोडल्याने फायदा झाला होता. म्हणजे निवड पेशंटच्या बाकीच्या दुखण्यांवरून करायची. अण्णांची झोप गेली होती, म्हणून रात्री ७५ मिलिग्रॅम प्रीगॅबलिनने सुरुवात केली.

काशाच्या वाटीचं काय, असं काकूंनी विचारलं. तळपायाला चिरा असतील किंवा जोर लावून घासलं तर बधिर पायावर फोड यायला वेळ लागत नाही. पण त्या दोघांच्या दिवसातली ती शेवटची पंधरा मिनिटं होती आणि अण्णांना त्यातून सुख मिळत होतं. हलक्या हाताने चालू ठेवा, म्हटलं. बोटांच्या बेचक्यांत तूप नको, आणि गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत.

काय झालं

तीन आठवड्यांनी प्रीगॅबलिन दोन वेळा केलं. घोटे सुजले आणि चालताना गरगरायला लागलं. ज्या माणसाचा झोक आधीच जातो त्याला हे औषध वाढवत नेणं म्हणजे मांडीचं हाड मोडायची तयारी करणं. परत फक्त रात्रीच्या गोळीवर आणलं आणि सकाळी जेवणानंतर ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम जोडलं. पहिला आठवडा मळमळलं. फेब्रुवारीत ते ६० केलं.

सुरुवातीलाच सांगितलं होतं की आग पूर्ण विझेल असं धरू नका, निम्मी झाली तर औषध लागू पडलं. मार्चमध्ये दुखणं ८वरून ३वर आलं. झोप ६ तास. बी-१२ ५१२. काकू पेढे घेऊन आल्या.

त्या दिवशी मी मोनोफिलामेंट काढलं नाही. सगळे खूश होते.

एप्रिल

१९ एप्रिल २०२४ला चैत्री एकादशी होती. दुसऱ्या दिवशी गावच्या देवळात बारशीची पंगत. अण्णा दुपारभर देवळाच्या फरसबंद अंगणात अनवाणी वाढत होते. वर एप्रिलचं ऊन. बाकीचे वाढपी सावलीतून सावलीत पळत होते, अण्णा निवांत चालत होते.

तीन दिवसांनी काकूंना चादरीवर पिवळट लाल डाग दिसला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, रुपयाच्या नाण्याएवढा फोड येऊन फुटला होता. त्यावर ते तीन दिवस चालले होते, शेतात पाणीही धरलं होतं.

"पण जरासुद्धा दुखत नाही हां, मॅडम," अण्णांनी मला आनंदाने सांगितलं. "तुमच्या गोळ्यांनी पाय बरं झालं."

त्यांचा हिशेब सरळ होता. दुखत होतं तेव्हा पाय आजारी, दुखायचं थांबलं म्हणजे पाय बरे. हा हिशेब चूक आहे हे त्यांना सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. जळजळ होती तोवर ते निदान पायांना जपत होते. ती मी कमी केली आणि बधिरपणा आहे तिथेच राहिला.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. ताप नव्हता, लाली जखमेच्या काठाशीच होती. अशा जखमेवर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तळव्यापासून गुडघ्याखालपर्यंत घट्ट बसणारं प्लास्टर, म्हणजे पाय टेकला तरी जखमेवर भार फारच कमी येतो. ते पुण्यात होतं, दर आठवड्याला जावं लागलं असतं आणि घरी काकू एकट्या. आम्ही दुसरा मार्ग घेतला: जाड फेल्टचा (नमद्यासारख्या कापडाचा) तुकडा, जखमेपुरती खिडकी कापून तळव्याला चिकटवलेला, दर तीन दिवसांनी माझ्याकडे ड्रेसिंग, आणि घरात कुबडी. लाली दोन सेंटिमीटरच्या पुढे सरकली, वास आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी पुण्याला, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. तंबाखूही या काळात सुटली. त्याचं श्रेय काकूंचं. जखम भरायला सात आठवडे लागले.

वारीचा प्रश्न

जखम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरली. माऊलींची पालखी २९ जूनला आळंदीहून निघणार होती.

अशी भरलेली जखम सुमारे ४० टक्के लोकांत वर्षभरात पुन्हा उघडते. त्यावर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर चाल, पावसात भिजलेले पाय, दिवे घाटाची चढण. वैद्यकीय उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द मी उच्चारला, आणि अण्णा उठून गेले.

दोन दिवसांनी त्यांच्या दिंडीचे वीणेकरी महाराज त्यांना घेऊन आले. त्यांच्यासमोर मी अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि पायाच्या बोटांना हलकेच शिवले. ही तपासणी कुणालाही घरी करता येते: दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा जागा, बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद नुसतं शिवायचं, दाबायचं नाही. सहापैकी दोन जागा कळल्या नाहीत तर पाय धोक्यात आहे असं समजायचं. अण्णांना चार कळल्या नाहीत. महाराज बघत होते. ते म्हणाले, "अण्णा, चालणं ही सेवा, तसं दिंडीला जेवू घालणं हीपण सेवाच."

त्यांनी सुचवलेलं आणि मला पटलेलं असं ठरलं: अण्णांनी सामानाच्या ट्रकमधून जायचं, बाजारहाट आणि हिशेब सांभाळायचा, दिवसाला दोन किलोमीटरच्या वर चालायचं नाही, अनवाणी एक पाऊलही नाही. चपलेचा तळ एमसीआर रबराचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा, मागे पट्टा, आणि अंगठ्याची खुंटी नसलेली. इथे एक अडचण आली जी मला सुचलीच नव्हती. हीच रबराची चप्पल कुष्ठरुग्णांना दिली जाते आणि अण्णांनी ती पाहिलेली होती. घालायला तयार होईनात. शेवटी गावातल्या चांभाराने तळ तोच ठेवून वरून काळ्या चामड्याचे पट्टे लावले, नेहमीच्या सँडलसारखे. मोजे सुती, सहा जोड, सगळे पांढरे, रक्ताचा ठिपका लगेच दिसावा म्हणून.

१७ जुलैच्या आषाढीनंतर चार दिवसांनी अण्णा आले. पाय कोरडे आणि अखंड. वाखरी ते पंढरपूर मात्र ट्रकमध्ये बसवलं नाही, निम्मं अंतर चाललो, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. सँडल घालून.

सध्याची स्थिती

जुलै २०२५पर्यंतचं सांगते. एचबीए१सी ७.४. दुखणं २ ते ३, थंडीत कधी ४. ड्युलोक्सेटिन ६० चालू आहे. प्रीगॅबलिन रात्रीचंच, ते कमी करून पाहिलं तर आठवड्यात झोप उडाली, म्हणून परत पहिल्यासारखं. डोळे मिटून तोंड धुता येतं, बेसिन धरावं लागत नाही. हा फरक बहुधा बी-१२चा. मोनोफिलामेंटवर उजवीकडे ५, डावीकडे ६ जागा. म्हणजे बधिरपणा जवळपास तिथेच आहे. जखम पुन्हा उघडलेली नाही. यंदाही ते ट्रकमधून गेले, आणि एकदा सासवडच्या मुक्कामी हळहळले असं काकू म्हणाल्या.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं, अर्थातच, पाय. मधुमेहाचं निदान झालं त्या दिवशी आणि मग दर वर्षी. आता माझ्या दवाखान्यात पेशंटची खुर्ची टेबलाच्या बाजूला आहे, समोर नाही. बसल्या बसल्या पाय दिसतात. नर्स आधीच ते स्टुलावर ठेवायला सांगते.

बी-१२ चौथ्या-पाचव्या वर्षीच तपासलं असतं तर झोक जाण्यापर्यंत वेळ आली नसती. गॅसच्या गोळीबद्दल तर प्रश्न विचारणं एवढंच पुरेसं होतं.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त लागते. पहिली प्रीगॅबलिनची चिठ्ठी लिहिली त्याच दिवशी म्हणायला हवं होतं: "या गोळीने आग कमी होईल, बधिरपणा जाणार नाही. आग कमी झाली की पाय जास्त जपायचे." आज ही वाक्यं मी प्रत्येक चिठ्ठीवर मराठीत हाताने लिहिते आणि पेशंटला मोठ्याने वाचायला लावते. जो वाचू शकत नाही त्याच्या घरच्यांना.

पुण्याच्या प्लास्टरबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. फेल्टवर सात आठवडे लागले, प्लास्टरने कदाचित लवकर भरलं असतं. पण दर आठवड्याचा प्रवास ते मध्येच सोडून देतील अशी भीती होती. अण्णांच्या बाबतीत पुन्हा फेल्टच निवडेन. एकटा राहणारा, न ऐकणारा पेशंट असता तर प्लास्टर.

आणि काशाची वाटी. तिचा खरा उपयोग मला मे महिन्यात सुचला, तो नोव्हेंबरमध्ये सुचायला हवा होता. आता काकू वाटी हातात घेण्याआधी दिव्याखाली दोन्ही तळवे बघतात, बेचक्या उघडून बघतात, टाचेच्या चिरा बघतात. घासून झाल्यावर तळव्यावर येणारा काळा थर फडक्याने पुसतात, कारण त्याखाली जखम लपते. डिसेंबर २०२४मध्ये डाव्या टाचेत रुतलेला बाभळीचा काटा त्यांनी असाच रात्री काढला. काटा बहुधा त्याच दिवशी सकाळी शेतात लागला होता. अण्णांना कळलं नव्हतं.